राखलेला चीक

निकिता वासरांना बादलीत दूध पाजायची तेव्हा विजयमाला मुद्दाम पाठमोरी बसून शेण भरायची. ते तिला बघवत नसे. पण पाठ फिरवली तरी कान थोडेच फिरवता येतात? वासराचा चुटुचुटु आवाज यायचा, मग रिकामी बादली ढुशीने लवंडायची, आणि मग निकिताचं हलकं हसणं. "बास की गं आता, किती चाटशील!" असं ती वासराला म्हणायची. घरातल्या माणसांशीही ती त्याच आवाजात बोलायची, आणि खरं दुखणं तिथेच होतं. भांडखोर जाऊ परवडली असती. भांडणात विजयमाला कुणाला हार गेली नसती.

काष्टीपासून आत, कालव्याच्या कडेला त्यांची वस्ती होती. सासू छबूबाई, थोरला गोरक्षनाथ आणि त्याची बायको विजयमाला, धाकटा वैजनाथ आणि त्याची निकिता, असं एका चुलीवरचं घर. गोठाही एकच. विजयमाला लग्न होऊन आली तेव्हा त्या जागी एक छप्पर आणि एक म्हैस होती. पुढे पत्र्याचा गोठा झाला, संकरित गाई आल्या, धारा काढून काढून विजयमालाच्या हाताची बोटं कायमची वाकडी झाली. गोठा म्हणजे विजयमाला असं सगळे धरूनच चालले होते. मग नेवाशाकडून निकिता आली आणि दोन वर्षांत गोठ्याचं बोलणं निघालं की लोक तिच्याकडे बघायला लागले.

त्याला कारण वासरं. विजयमालाच्या पद्धतीत वासरू गाईपाशीच असायचं, एक सड त्याच्यासाठी सोडायचा, बाकी त्याचं नशीब. निम्मं दूध वासराच्या पोटात जायचं, तरी पोट लोंबतं आणि ढुंगणाची हाडं वर. दोनात एक वासरू हगवणीने जायचंच, त्याचं कुणाला फार वाटायचंही नाही. निकिताने आल्या आल्या वासरं वेगळी बांधली. बादलीला आतून तांबड्या नेलपॉलिशच्या खुणा केल्या आणि त्या खुणेच्या वर एक घोट दूध द्यायची नाही. घरच्या मक्याचा भरडा, शेंगपेंड, गव्हाचा कोंडा, चिमूटभर मीठ असा खुराक स्वतः कालवून ती तो वासरांच्या जिभेला लावायची. वासरं लवकर खुराकाला लागायची, दूध लवकर तुटायचं, तेवढं दूध डेअरीला जायचं. आणि वासरांची अंगं अशी चकचकीत की हात फिरवावासा वाटे. विजयमालालाही वाटे. म्हणून ती हात पदरात गुंडाळून ठेवायची.

सगळ्यात मोठा खटका उडाला होता तो चिकावरून. गाय व्याली की जार, म्हणजे वार, पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, पाजला तर जार आत राहते, ही छबूबाईच्या सासूपासूनची रीत. निकिताच्या पहिल्याच खेपेला तिने वासरू पुसलं, भांडं घेतलं आणि सरळ चीक काढायला बसली.

"अगं, जार पडू दे की!" छबूबाई ओरडली होती.

"आत्याबाई, जारंचं जार बघंल. ह्याला आत्ता चीक मिळाला तरच ह्ये जगनार हाय. उशीर झाला की पोटात जाऊन बी उपेग न्हाई."

जार तासाभरात पडली. छबूबाई गप्प झाली, आणि पुढच्या खेपेला तर तीच म्हणाली, "निकिता, भांडं आन गं." विजयमालाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सून म्हणून आपण एवढी वर्षं राबलो, पण सासूने आपल्यासाठी एकही रीत मोडली नाही, हे तिच्या मनात रुतून बसलं.

तिच्याकडे उरला होता तो खरवस. त्या बाबतीत मात्र तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. गाय व्याली की पहिल्या धारेचा घट्ट पिवळा चीक, त्यात बेताचं दूध, गूळ, वेलदोडा आणि जायफळ. वाफेवर असा बसायचा की सुरीने कापला तरी कड मोडायची नाही. मग घरटी एक ताट. वस्तीवर कुणाचं ताट रिकामं परत जात नाही, त्यामुळे ताटं परत यायची ती मूठभर शेंगा, चार लिंबं, एखादी काकडी घेऊन, आणि सोबत कौतुक घेऊन. "विजयमालाच्या हातचा खरवस" हे शब्द तिने इतक्यांदा ऐकले होते, तरी दर वेळी नवे वाटायचे. निकिता आल्यापासून ताटं कमी झाली. आधी वासराचं पोट, मग उरला तर खरवस, असं निकिताचं गणित होतं. उरायचा तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा पातळ चीक, त्याचा खरवस धड बसायचा नाही. लोक खायचे, पण बोलायचे नाहीत.

त्या वर्षी फाल्गुन तापला आणि कालव्याचं आवर्तन लांबलं. घास वाळून काड्या झाला. कारखाने बंद झाले तसं उसाचं वाढंही संपलं. खड्ड्यातला मुरघास फावड्याने मोजून निघायला लागला. एका दुपारी गोरक्षनाथ गोठ्याच्या वळचणीला बसून म्हणाला, "औंदा जनावरं कमी करावी लागत्याल. जे वासरू अंग धरत न्हाई ते काष्टीच्या बाजारात. आन हरनी बी एवढं येत झालं की इकायची."

हरणीचं नाव निघताच विजयमालाच्या हातातलं खोरं थांबलं.

हरणी तिची माहेरची. माहेर पाथर्डीकडचं, कोरडं. तिच्या बापाने जन्मभर दुसऱ्यांच्या फडात ऊस तोडला आणि लेकीच्या लग्नात हट्टाने एक गाय दिली. त्या गाईची ही लेक. बाप गेला, आई गेली, भाऊ फोनही करत नाही. माहेर म्हणून विजयमालाकडे जे काही शिल्लक होतं ते चार पायांवर त्या गोठ्यात उभं होतं. हरणीला आधी दोन कालवडी झाल्या, दोन्ही हगवणीने गेल्या. बाकी सगळे गोऱ्हे. आता ती पुन्हा गाभण होती, दिवस भरत आले होते.

"कालवड झाली तर ठिवायची," विजयमाला म्हणाली.

"ठिवू की. मी कुठं न्हाई म्हनतोय? पर निकिताच्या हाताखाली दे. जगंल तरी."

"माझ्या गाईची कालवड माझ्याच हातानं वाढंल. कुनाच्या हाताची गरज न्हाई."

नवऱ्याने वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता उठला आणि जाता जाता निकिताच्या कालवडीच्या पाठीवर थाप मारून गेला.

त्याच आठवड्यात छबूबाईने हरणीच्या कासेला हात लावला. "विजे, पुढचं सड कठीन लागत्यात गं. मागं दगडी हून कास सुजली हुती, तवापासनं हाय का हे?"

"पहिल्यापासनं तसंच हाय," विजयमाला म्हणाली. "तुमाला आताच दिसलं."

निकिता तिथेच खुराक कालवत होती. तिने मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि विजयमालाचा चेहरा बघून परत मिटलं.

आधी व्याली ती कपिली, निकिताची लाडकी. भर सकाळी, कुणाला त्रास न देता, ठसठशीत कालवड. निकिताने वासराला चीक पाजला, पुन्हा पाजला, आणि तरी भांडंभर उरला. विजयमालाने गूळ किसायला घेतला होता. तेवढ्यात निकिता स्वयंपाकघरात आली ती दोन बाटल्या घेऊन. चीक त्यांत भरून तिने बुचं घट्ट लावली आणि फ्रीजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्यात, अगदी मागे ठेवून दिल्या. किसलेल्या गुळाकडे तिने बघितलं, ओशाळली.

"ताई, खरवस पुढच्या खेपंला करू. एवढा राहू द्या."

कशासाठी, हे तिने सांगितलं नाही. विजयमालाने विचारलं नाही. विचारायचं म्हणजे निकिताला मोठं करायचं, आणि ते तिच्याच्याने होत नव्हतं. किसलेला गूळ तिने डब्यात परत ओतला, डब्याचं झाकण आपटून लावलं.

पुढे पंधरा दिवस वस्तीवर खरवसाची वाट बघणं चाललं. शेवटी नळावर लंकाबाईने तोंड उघडलंच. लंकाबाई शेजारची, वयाने सासूच्या जवळपासची, जिभेने वस्तीत सगळ्यांच्या पुढे. हंडा भरता भरता ती म्हणाली, "काय गं विजयमाला, कपिली व्याली म्हनं. ताट न्हाई आलं आमच्याकडं? का आता चुलीवर बी धाकटीचंच राज्य हाय?"

बायका हसल्या. साधंच हसल्या, कुणाच्या मनात काही नव्हतं. विजयमालाही हसली. हंडा कमरेवर घेऊन घरी येईस्तोवर तिचा चेहरा तापून लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी वैजनाथ आणि निकिता मोटारसायकलवर काष्टीला गेले, शेंगपेंड आणायला. छबूबाई मळ्यात होती. विजयमालाने फ्रीज उघडला. बाटल्या जागेवरच होत्या, पिशवीत गुंडाळलेल्या, बर्फ धरून दगड झालेल्या. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. कपिलीच्या वासराचं तर भागलं होतं, ते आता खुराक चघळत होतं. मग हा चीक कुणासाठी? कुणासाठीच नाही, असं तिच्या मनाने ठरवलं. आपल्या हाताला कौतुक मिळू नये म्हणून दडवलेला. दुसरं काय कारण असणार? एकदा तसं ठरवल्यावर पुढचं सगळं सोपं झालं.

बाटल्या तिने कोमट पाण्यात ठेवल्या. चीक सुटला तसा पिवळाधमक, दाट. तिचे हातच आनंदले. दूध, गूळ, वेलदोडा, जायफळ. डब्यावर ताटली, ताटलीवर वजन. वाफेचा वास अंगणात गेला तेव्हा कुत्रंसुद्धा दारात येऊन बसलं. त्या दिवशीचा खरवस जन्मात झाला नसेल असा झाला. सुरी फिरवली तर आरशासारखी कड.

ताटं घरोघरी गेली. लंकाबाईने दारातच एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "ह्याला म्हनायचं हात!" ती म्हणाली. विजयमाला घरी आली ती चालत नव्हतीच, तरंगत होती.

संध्याकाळी निकिता आली. विजयमालाने तिच्याहीपुढे वाटी ठेवली. तिला बघायचं होतं.

"कशाचा केला ताई?"

"कपिलीच्या चिकाचा. भांड्यात उरला हुता, त्यो मी बी बर्फात ठिवला हुता."

"मला वाटलं भांड्यातला संपला." निकिताने खाल्ला. "आईगं, लई झाक झालाय. माझी आई असाच करायची." तिने वाटी बोटाने पुसून घेतली. फ्रीजकडे तिचं लक्षही गेलं नाही. तिच्या डोक्यात पेंडीची पोती होती.

विजयमालाला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण निकिताने मनापासून कौतुक केलं आणि त्यातली अर्धी मजा गेली.

चारेक दिवसांनी भर दुपारी हरणी व्यायला बसली. ऊन पत्र्यावर तडतडत होतं. विजयमाला तिच्या पाठीशी बसून होती, पोटावर ओला फडका फिरवत. गोरक्षनाथने पाय धरून ओढले आणि ओलीचिंब कालवड बाहेर आली. कपाळावर पांढरा टिळा, बापाने दिलेल्या गाईला होता तसाच. विजयमालाने तिथल्या तिथे तो टिळा पदराने पुसला आणि तिला रडू फुटलं.

"कालवड हाय," ती म्हणाली. सगळ्यांना दिसत होतं तरी म्हणाली.

मग तिने स्वतःहून भांडं घेतलं. जार पडायची वाट बघायची नाही, हे तिनेही मनोमन कधीच मान्य केलं होतं, फक्त बोलून दाखवलं नव्हतं. ती कासेखाली बसली. पुढचा सड दाबला, काही आलं नाही. दुसरा दाबला, पाण्यासारखं काही आलं आणि मग रक्ताची गुठळी. मागच्या दोन सडांतून पिवळ्या गाठी पडल्या, दह्यासारख्या नासक्या. हरणीने लाथ झाडली. भांडं घरंगळत गेलं.

"सगळी कास गेली गं," छबूबाई म्हणाली.

निकिता वासराच्या तोंडातला चिकटा बोटाने काढत होती. ती झटकन उठली. "हाय चीक. काळजी करू नका. पानी गरम करायला ठेवा," असं म्हणून ती घराकडे पळाली.

विजयमाला तिथेच बसून राहिली. क्षणभरच. मग तिला कळलं, आणि तीही पळाली.

स्वयंपाकघरात फ्रीजचं दार उघडं होतं. निकिता बर्फाच्या कप्प्यात हात घालून चाचपत होती. कोथिंबिरीची पिशवी, बर्फाचा साचा, वाटाणे, सगळं तिने बाहेर काढून ओट्यावर ठेवलं होतं. मागे वळून तिने विजयमालाकडे बघितलं. मग ओट्यावर धुऊन पालथ्या घातलेल्या दोन बाटल्यांकडे.

"त्यो खरवस..." ती म्हणाली.

विजयमालाची मान खाली गेली.

"हरनीसाठी राखला हुता ताई. डॉक्टर मागं म्हनले हुते, हिच्या कासंचा भरवसा न्हाई. मी तुमाला सांगनार हुते. पर तुमच्या गाईला नाव ठेवलं आसं तुमाला वाटलं असतं." तिचा आवाज चढला नाही. त्या वेळीही चढला नाही. "आता कुनाची व्यालीय का वस्तीत?"

"लंकाकाकूंची. काल."

"काल म्हंजी अजून थोडा दम असंल. पळा. जेवढा मिळंल तेवढा आना."

विजयमाला तांब्या घेऊन पळाली. उन्हात, अनवाणी. लंकाबाईच्या चुलीवर डबा होता आणि घरभर वेलदोड्याचा वास. लंकाबाई तिला बघून खुशीत आली.

"ये, ये. तुझ्याकडंच येनार हुते ताट घिऊन. तुझ्यावानी न्हाई जमला, पर केलाय."

"काकू, कच्चा चीक हाय का? पहिल्या धारंचा?"

"त्यो सगळा ह्याच्यात गेला की. आज सकाळचा हाय, पातळ. त्यो कशाला तुला?"

"द्या. हाय तेवढा द्या."

लंकाबाईने तांब्यात पातळ चीक ओतला आणि वर खरवसाचं ताटही दिलं. "रिकामं कसं पाठवू? तुझं ताट अजून माझ्याकडंच हाय, ते मागनं दीन." विजयमालाला नको म्हणायलाही वेळ नव्हता. एका हातात तांब्या, एका हातात गरम ताट, अशी ती बांधावरून धावत आली. ताटातले तुकडे उसळत होते. तरी एकाचीही कड मोडली नव्हती.

निकिताने चीक कोमट केला, बाटलीला चोखणी लावली आणि कालवडीचं तोंड वर धरलं. कालवड प्यायली. "बघू," निकिता म्हणाली, "काहीतरी पोटात गेलं." विजयमालाने ते "काहीतरी" ऐकलं.

पहिले काही दिवस कालवड उभी राहिली, एकदा उड्याही मारल्या. विजयमाला तिला टिळी म्हणायला लागली. निकिता खुणेबरहुकूम दूध द्यायची, विजयमाला बाजूला बसून बघायची. तिने आता पाठ फिरवली नाही. पण निकिताची चाहूल लागली की टिळी कान ताठ करायची आणि विजयमालाच्या मांडीवरचं डोकं उचलून तिकडे बघायची. माझ्या बापाची गाय, माझी कालवड, आणि ओढ हिची! एवढं सगळं होऊनही तिच्या पोटात तोच जाळ उठायचा. तिला स्वतःचीच शरम वाटायची आणि जाळ काही शमायचा नाही.

मग हगवण लागली. पांढरी, पाण्यासारखी. डॉक्टर आले, सलाईन लावलं. निकिता मीठ-गुळाचं पाणी घोट घोट पाजत राहिली, अंगाखालचं पोतं पुन्हा पुन्हा बदलत राहिली. कालवडीचे डोळे खोल गेले, नाक गार पडलं. "पहिल्या चिकाची ताकत न्हाई अंगात," डॉक्टर जाताना वैजनाथला म्हणाले, "आपन फक्त वर वर करतोय." एका सकाळी विजयमाला गोठ्यात गेली तेव्हा निकिता कालवडीपाशी बसली होती आणि तिने मीठ-गुळाचा पेला बाजूला ठेवलेला होता. विचारायची गरज नव्हती.

गोरक्षनाथ आणि वैजनाथने तिला बांधावर, लिंबाखाली पुरलं. वर मीठ टाकलं, काटे टाकले. हरणी दावं ताणून त्या दिशेला हंबरत राहिली.

दुपारी लंकाबाई आली. वासराचं ऐकून आली होती, पण हातात विजयमालाचं ताट होतंच, शेंगांनी भरलेलं. ओसरीवर छबूबाई, विजयमाला आणि निकिता तिघी बसल्या होत्या. लंकाबाई हळहळली, हरणीच्या नशिबाला बोल लावून झाला, आणि मग माणूस दुःखाच्या घरात काहीतरी गोड बोलायला बघतं तशी म्हणाली, "पर विजयमाला, तुझ्या खरवसाची चव अजून तोंडात हाय बघ. आमची सून म्हनती, तसा खरवस पुन्हा न्हाई मिळायचा."

विजयमाला शेंगांच्या ताटाकडे बघत राहिली.

छबूबाईने मात्र मान वळवली. "त्यो खरवस? विजे, तवा कपिली व्याल्याला तर पंधरवडा हुऊन गेल्ता. चीक आला कुठनं गं?"

हरणी हंबरली. छबूबाई दोघींकडे आळीपाळीने बघत होती, म्हातारीच्या डोक्यात हिशोब जुळत चालला होता.

"मीच दिल्ता," निकिता म्हणाली. "फ्रीजमधी पडून हुता. मीच ताईंना म्हनलं, करून टाका. माझंच चुकलं आत्याबाई. राखायला पायजे हुता."

ती हे खाली बघून, सावकाश बोलली, आणि छबूबाईचा चेहरा मऊ झाला. "जाऊ दे गं पोरी," ती म्हणाली. "तुला काय ठाऊक! तू तर जिवाचं रान केलंस त्या वासरासाठी." तिने निकिताच्या पाठीवर हात ठेवला.

सुटका झाली होती. कुणीही सुटकेचा श्वास सोडला असता. पण विजयमालाने तो हात बघितला, निकिताच्या पाठीवरून खालीवर फिरणारा, आणि तिच्या अंगाचा भडका उडाला. वासरं हिची चांगली. बोलणं हिचं गोड. सासू हिची, कालवडीची ओढ हिची. आणि आता माझं पापसुद्धा हीच पदरात घेणार, आणि त्याचंही कौतुक हिलाच!

"खोटं बोलती ती!" विजयमाला एवढ्या मोठ्याने ओरडली की लंकाबाईच्या हातातली शेंग पडली. "तिनं न्हाई दिला. ती घरात न्हवती. मी काढला. न विचारता काढला, उकळला आन तुमाला समद्यांस्नी खाऊ घातला. हरनीच्या वासरासाठी राखला हुता तिनं, त्यो मी वाटला. व्हय काकू, तेच चाटून खाल्लं तुमी. मी मारली माझी कालवड."

छबूबाईचा हात निकिताच्या पाठीवर तसाच राहिला. लंकाबाईने पदर तोंडाला लावला. ती उठली, पायरी उतरली, आणि बांधापर्यंत जाईतो तिच्या चालीला वेग आला. संध्याकाळपर्यंत वस्तीवर हे न कळलेलं एकही घर राहणार नव्हतं. छबूबाईही उठून आत गेली.

ओसरीवर दोघीच उरल्या. निकिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "कशाला सांगितलं ताई? मी जन्मात कुनाला बोलले नसते. आता समदी वस्ती नाव ठिवंल तुमाला. काय मिळालं?"

विजयमालाने ताटातल्या शेंगा सुपात ओतल्या. ताट पदराने पुसलं. पुन्हा पुसलं.

"तुझ्याकडं लई हाय निकिता," ती म्हणाली. "तेवढं तरी माझं ऱ्हाऊ दे."

मग ती उठून हरणीपाशी गेली आणि तिची दुखरी कास गरम पाण्याने शेकायला बसली.